व्हिसा (प्रवेश-परवाना)

एखाद्या देशात येऊ, राहू किंवा तेथून पुढे जाऊ इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकाची कागदपत्रे आगाऊ तपासून त्या देशाने दिलेला परवाना. ‘पाहिलेला कागद’ या अर्थाच्या ‘कार्ता विसा’ या लॅटिन पदबंधापासून हा शब्द फ्रेंचमार्गे रूढ झाला. पारपत्र प्रवाशाचा स्वतःचा देश देतो, व्हिसा यजमान देश. मात्र दोहोंचा पूर्वेतिहास गुंतलेला असल्याने व्हिसाचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्षाने एक माषक (तत्कालीन नाणे) घेऊन मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना, द्यावी, मुद्राधारकालाच जनपदात येता-जाता यावे आणि मुद्रेविना आढळलेल्या जनपदवासीयाला १२ पण (हेही तत्कालीन नाणे) दंड करावा, असे सांगितले आहे. या ग्रंथाचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. चौथे शतक मानतात, तर काही तो इसवी सनाच्या पहिल्या शतकांपर्यंत अलीकडे आणतात. इंग्लंडमध्ये पाचव्या हेन्रीच्या १४१४ च्या कायद्यात अभयपत्रांचा, म्हणजे सुरक्षित प्रवासाची हमी देणाऱ्या पत्रांचा, उल्लेख येतो. परंतु एका सत्तेने दिलेल्या कागदावर दुसऱ्या सत्तेने तपासून मारलेला शेरा, हे व्हिसाचे लक्षण या दोहोंत दिसत नाही. त्यामुळे त्यांना पूर्वरूपे म्हणणेच अधिक सयुक्तिक वाटते.

रेल्वेमुळे प्रवासी वाढल्यावर एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक देशांनी ही तपासणी सैल केली होती. पहिल्या महायुद्धात ती पुन्हा आवळली गेली आणि युद्ध संपल्यावरही टिकली. व्हिसा देणे हे वाणिज्य दूतावासाचे काम असल्याचे १९६३ च्या व्हिएन्ना करारात नमूद आहे.

संक्रमण (त्या देशातून पुढे जाणे), पर्यटन, शिक्षण, नोकरी, कुटुंब-पुनर्मीलन व कायम वास्तव्य हे सर्वपरिचित प्रकार होत. प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची मुदत यांवरून प्रकार ठरतो. कायम वास्तव्यासाठी शिक्षण, वय, भाषाज्ञान यांना गुण देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली. पुढे इतर काही देशांनीही ती स्वीकारली. काही राष्ट्रांच्या नागरिकांना अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, मात्र इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी लागू शकते.

व्हिसाची वैधता आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, तर प्रामाणिक प्रवाशावरही पुढील प्रवेशबंदीची वेळ येऊ शकते, म्हणून हा भेद नीट समजून घ्यायला हवा. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, अल्पकालीन मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो. त्यासाठी त्या-त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजतात आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही धरतात. व्हिसा वर्षानुवर्षांचा असला, तरी ही मर्यादा वाढत नाही. अमेरिकेत व्हिसावरील तारखेपर्यंत प्रवेश मागता येतो. राहण्याची मुदत सीमेवरील अधिकारी प्रवेशनोंदीत ठरवतो. बहुतेक ठिकाणी व्हिसा असूनही सीमेवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमात देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क आहे, परक्या देशात प्रवेशाचा नाही.

ज्यांना पारपत्र देणारा देशच उरला नव्हता, अशा निर्वासितांसाठी १९२२ पासून राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नावाची प्रवासपत्रे देण्यात आली. व्हिसाचा शिक्का उमटवण्यापुरता कागद या निर्वासितांच्या हाती आला तो असा.