प्रीॲम्प बदलण्याआधी एक रेझिस्टर घ्या

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने दृष्टिहीन मुलांसाठी धडे आणि गोष्टी वाचून रेकॉर्ड करायला घेतल्या. डायनॅमिक माइक आणला, दोन चॅनेलचा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणला, पहिला धडा रेकॉर्ड केला आणि मला फोन लावला. "अरे, मी मध्ये थांबले की मागून शूऽऽ असं काहीतरी येतं. मोरीतला नळ चालू राहिल्यासारखं." दुकानात तिला सांगितलं होतं की या इंटरफेसचे प्रीॲम्प हलके आहेत, चौपट किमतीचा घ्या, सगळं स्वच्छ होईल. पैसे भरण्याआधी तिने मला विचारलं, हे बरं केलं.

प्रीॲम्प काय करतो हे समजायचं तर माइकमधून निघणारी वीज किती थोडी असते ते आधी पाहू. शुअर एसएम७बी हा रेडिओवाले आणि पॉडकास्टवाले वापरतात तो डायनॅमिक माइक घ्या. ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगलाच मोठा आवाज त्याच्यावर पडला, तर तो १.१२ मिलिव्होल्ट देतो. आत्यासारखं माणूस फूटभर अंतरावरून शांतपणे वाचत असेल, तर माइकपाशी साधारण ७० डेसिबल पोहोचतात आणि माइकमधून निघतात जेमतेम ७० मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलच्या वीस हजाराव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा विजेचे कॉम्प्युटरला आकडे करून देता येत नाहीत. आधी ती हजारेक पट वाढवावी लागते. या वाढीला गेन म्हणतात, आणि हजार पट म्हणजे ६० डेसिबल गेन. इंटरफेसच्या डब्यात नॉबच्या मागे बसून हे काम करतो तो प्रीॲम्प.

साखळीतल्या या पहिल्याच ॲम्प्लिफायरला इतकं महत्त्व का, याचं उत्तर पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगावजवळ मिळतं. तिथे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. दूरच्या आकाशगंगांकडून येणारे रेडिओ संकेत आत्याच्या ७० मायक्रोव्होल्टपेक्षाही कितीतरी क्षीण असतात, आणि तिथेही सगळी भिस्त पहिल्या ॲम्प्लिफायरवर असते. बेल लॅब्जमधल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये हे सूत्रात मांडलं. पहिल्या टप्प्याने स्वतःची जी खरखर मिसळली, ती पुढच्या प्रत्येक टप्प्यात संकेताबरोबरच वाढत जाते. पुढच्या टप्प्यांची खरखर मात्र पहिल्या टप्प्याच्या गेनने भागली जाते. पहिल्याने घाण केली तर शेवटपर्यंत ती कुणालाच काढता येत नाही. मला फार आवडते ती गोष्ट अशी, की याच फ्रिस यांच्या हाताखाली कार्ल जान्स्की काम करत होते. अटलांटिकपारच्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की त्यातला एक भाग आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून येतो आहे. १९३३ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्र सुरू झालं. खरखर कुठून येते हा प्रश्न नीट विचारला की एवढं हाती लागू शकतं.

मग आदर्श प्रीॲम्प अगदी शांत असेल का? नाही, आणि त्याला निसर्गाची हरकत आहे. कुठल्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. त्या थरथरीतून अतिशय बारीक, दिशाहीन वीज निर्माण होते. जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोघे मूळचे स्वीडनचे, दोघे बेल लॅब्जमधले, आणि दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. (डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सॅम्पलिंगच्या संदर्भात ज्यांचं नाव घेतात, तेच हे नायक्विस्ट.) त्यांच्या सूत्रात १५० ओहमचा रोध, खोलीचं नेहमीचं तापमान आणि कानाला ऐकू येणारा २० किलोहर्ट्झचा पट्टा घातला, की उत्तर येतं ०.२२ मायक्रोव्होल्ट. ध्वनितंत्रात व्होल्टेज डेसिबलमध्ये सांगायचं जे माप आहे, त्यात उणे १३१ डीबीयू. १५० ओहम एवढ्यासाठी, की बहुतेक माइकांचा रोध त्याच्या आसपास असतो. जगातला सगळ्यात महाग प्रीॲम्पही या रेषेखाली जाऊ शकत नाही.

आता इंटरफेसच्या माहितीपत्रकातला ईआयएन हा आकडा बघा. इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज म्हणजे प्रीॲम्पची सगळी खरखर त्याच्या तोंडाशीच आहे असं धरलं तर ती किती भरेल. मोटू एम२ उणे १२९ सांगतो, फोकसराइटचा चौथ्या पिढीचा स्कार्लेट २आय२ उणे १२७. आकडा जितका उणे तितका चांगला. म्हणजे घरात बसून वापरायचे साधे डबेसुद्धा निसर्गाच्या रेषेपासून मोजक्याच डेसिबलवर येऊन ठेपले आहेत. चौपट पैसे टाकून यापुढे जी मजल मारायची ती एवढीच. आकड्यांची तुलना करताना मात्र डोळे उघडे ठेवा. 'ए-वेटेड' लिहिलं असेल तर आकडा सुमारे दोन डेसिबलने सुंदर दिसतो, कारण कानाला कमी ऐकू येणाऱ्या स्वरांची खरखर त्यात कमी धरलेली असते. १५० ओहमऐवजी इनपुट नुसतं शॉर्ट करून मोजलं असेल तर आणखी सुंदर. वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

आणि म्हणूनच मी आत्याला म्हटलं, "तू एक आठवडा थांब, मी एक रेझिस्टर घेऊन येतो."

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत १५० ओहमचा रेझिस्टर मिळतो, किंमत चहाच्या कपापेक्षा कमी. त्याबरोबर एक एक्सएलआरची पिन घ्या, केबलच्या टोकाला असते आणि इंटरफेसमध्ये जाते ती. आत १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. रेझिस्टरची एक तार दोन नंबरला, दुसरी तीन नंबरला सोल्डर करायची. एक नंबर ही अर्थिंगची पिन, तिला हात लावायचा नाही. वरून कव्हर फिरवलं की झाला आपला ऐकू न येणारा माइक. तो इंटरफेसमध्ये लावा, फँटम पॉवर (इंटरफेस काही माइकांना पुरवतो ती वीज) बंद ठेवा, हेडफोनचा आवाज आधी अगदी कमी करा आणि मग गेनचा नॉब पूर्ण उजवीकडे न्या. हळूहळू हेडफोन वाढवत गेलात की एक मऊ, एकसारखं शूऽऽ ऐकू येईल. त्यातला मोठा भाग त्या रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन आहेत. वीस-पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र वाचतो आहे, तरी ते पहिल्यांदा कानाने ऐकलं तेव्हा मी बराच वेळ हेडफोन काढला नाही.

हे एक मिनिट रेकॉर्ड करायचं. मग गेनला हात न लावता रेझिस्टर काढून माइक लावायचा आणि खोलीत कुणीही न बोलता आणखी एक मिनिट रेकॉर्ड करायचं. दोन्हींची पातळी ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही मोजता येते. दोन्ही आकडे सारखे आले तर खरखर प्रीॲम्पची आणि त्या इलेक्ट्रॉनांचीच आहे. दुसरा आकडा बराच वर गेला तर बिचाऱ्या प्रीॲम्पला बोल लावायचं कारण नाही.

आत्याच्या टेबलावर दुसरा आकडा आठ-नऊ डेसिबल वर गेला. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. मग मी माइक हातात धरून सगळीकडे फिरवला, आणि तो लॅपटॉपच्या डाव्या कडेजवळ गेला तसं ते नळासारखं शूऽऽ एकदम मोठं झालं. लॅपटॉपच्या आतला पंखा. आत्याला वाचायला कागद समोर लागतो म्हणून माइक फूटभर लांब सरकवलेला, आणि लॅपटॉप माइकच्या बरोबर समोर. आम्ही दोन गोष्टी केल्या. माइक चार बोटांवर आणला, तोंडाच्या थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' म्हणताना वाऱ्याचा फटका थेट बसत नाही. अंतर चौथाई झालं की आवाजाचा दाब चौपट होतो, म्हणजे १२ डेसिबलची कमाई. जगातला सर्वोत्तम प्रीॲम्प तिला जास्तीत जास्त तीन-चार डेसिबल देणार होता. आणि लॅपटॉप माइकच्या पाठीमागे नेला, कारण हा माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो. एवढ्या जवळून बोललं की आवाजातला खर्ज फुगतो, तो माइकवरच्या लो-कट स्विचने उतरवला.

कंडेन्सर माइक असेल तर प्रीॲम्पची काळजी आणखीच कमी. रोडचा एनटी१-ए ९४ डेसिबलला सुमारे २५ मिलिव्होल्ट देतो, एसएम७बीच्या वीस पटींहून जास्त. त्याची स्वतःची खरखर पाच डेसिबल, म्हणजे सुमारे ०.९ मायक्रोव्होल्ट. उणे १२८ डीबीयूच्या प्रीॲम्पची ०.३. दोन्ही मिसळली तरी आदर्श प्रीॲम्पच्या तुलनेत फरक पडतो पाव डेसिबल, तो कुणाच्याही कानाला कळत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२०ची स्वतःची खरखर २० डेसिबल, तिथे तर प्रीॲम्पचा प्रश्नच येत नाही. आणि पेठेतल्या खोलीत सामसूम झाल्यावरही ३५ डेसिबल सहज असतात. एनटी१-ए त्याचे २८ मायक्रोव्होल्ट करून देतो. प्रीॲम्पच्या ०.३ समोर २८!

मग चांगला प्रीॲम्प लागतो कुणाला? तानपुरा किंवा सतार डायनॅमिक किंवा रिबन माइकने, थोडं लांबून, खरोखर शांत खोलीत रेकॉर्ड करणाऱ्याला. तिथे संकेत इतका क्षीण असतो की दोन डेसिबलही मोलाचे. अशा माणसाने ईआयएनच्या आधी गेन बघावा. शुअर स्वतः एसएम७बीसाठी किमान ६० डेसिबल गेन हवा म्हणते. एम२ नेमके ६० देतो, चौथ्या पिढीचा २आय२ ६९. गेन अपुरा पडला की लोक नंतर सॉफ्टवेअरमध्ये आवाज ओढून वाढवतात. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला ते चालूनही जातं, पण वाचताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाजच नीट ऐकू येत नाही आणि वाचणारा घसा ताणू लागतो. तबला-पखवाज रेकॉर्ड करणाऱ्याची अडचण उलटी. त्याने कमाल इनपुट पातळी बघावी, नाहीतर गेन शून्यावर असतानाही 'धा'च्या थापेला लाल दिवा लागतो.

५० हर्ट्झची गुणगुण ही वेगळी गोष्ट आहे, तिला खरखर समजू नका. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची तार कुठेच गेलेली नसते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गुणगुण गेली तर इंटरफेस ठीक आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जीएमआरटी खोडदला का उभारली, तर चांगला ॲम्प्लिफायर बसवून काम भागत नव्हतं. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट जिथे कमी, अशी जागाही हवी होती. आत्याला गाव सोडून जायचं नव्हतं, म्हणून तिने वेळ निवडली. दुपारी दोन ते चार, जेव्हा पेठेतली दुकानं बंद असतात. मागे कपड्यांचं उघडं कपाट, टेबलावर गोधडी, खिडकीला जाड पडदा. इंटरफेस तोच आहे. रेकॉर्डिंगपुरता ती फ्रीजही बंद करते, आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवते, म्हणजे बाहेर पडताना फ्रीज चालू करायचा राहत नाही.