दोन्ही बाटल्यांवर ‘व्हिटॅमिन सी’, पण आत काय आहे?

ऑनलाइन दुकानात ‘व्हिटॅमिन सी सिरम’ शोधले की ज्या बाटल्या समोर येतात, त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. मात्र बाटलीच्या दर्शनी बाजूवर हा फरक क्वचितच लिहिलेला असतो. पहिल्या गटातील सिरममध्ये क जीवनसत्त्व त्याच्या मूळ रूपात, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्लाच्या रूपात असते. दुसऱ्या गटात त्या आम्लाच्या रेणूला फॉस्फेट, ग्लुकोज, इथिल गट किंवा मेदाम्ल जोडून केलेले संयुग असते, ज्याला रसायनशास्त्रात अनुजात आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात डेरिव्हेटिव्ह म्हणतात. दोन्हींवर ‘१० टक्के व्हिटॅमिन सी’ असे छापलेले आढळते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण ग्राहक एका गटाची कसोटी दुसऱ्याला लावतो. लावल्यावर चुणचुणले नाही म्हणून चांगले अनुजात निकामी ठरवले जाते. उलट, मूळ आम्लाचे सिरम तपकिरी झाले तरी ‘मैत्रिणीचे पहिल्यापासूनच तसे होते’ म्हणून ते महिनोन्महिने वापरले जाते.

क जीवनसत्त्व त्वचेला नेमके कशासाठी हवे असते, हे आधी पाहिलेले बरे. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसाला मात्र त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) तयार करता येत नाही, म्हणून ते आहारातूनच घ्यावे लागते. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांना घट्ट बांधणारी विकरे या जीवनसत्त्वाशिवाय चालत नाहीत, त्यामुळेच त्याच्या तीव्र अभावात हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत. दुसरे काम रंगद्रव्याशी निगडित आहे: मेलॅनिन तयार होण्याच्या प्रक्रियेत ते अडथळा आणते, म्हणून डाग फिके करण्यासाठी त्याचा वापर होतो. तिसरे काम म्हणजे उन्हामुळे त्वचेत निर्माण होणाऱ्या आणि पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्स) निष्प्रभ करणे. आहारातून आलेल्या जीवनसत्त्वाचा त्वचेपर्यंत पोहोचणारा वाटा मर्यादित असतो, म्हणून ते वरून लावण्याची कल्पना पुढे आली. दोन्ही गटांतील सिरम हीच तीन कामे करण्याचा दावा करतात, पण कामाचा मूळ धनी ॲस्कॉर्बिक आम्लच आहे, हे पुढील सगळ्या तुलनेत लक्षात ठेवावे लागते.

मूळ आम्लाची अडचण अशी, की ते पाण्यात विरघळते आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर पाण्यात विरघळणाऱ्या, विद्युतभारित पदार्थांना सहसा आत येऊ देत नाही. द्रावणाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ४.२ असतो तेव्हा या आम्लाचे निम्मे रेणू भारित असतात. पीएच त्याहून बराच खाली आणला की बहुतेक रेणू भाररहित होतात आणि त्यांना आत शिरता येते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत हे मोजून दाखवले. पीएच ३.५ च्या खाली असेल तरच शोषण नीट होते आणि प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढवले तर शोषण वाढते, त्यापुढे वाढवून उपयोग होत नाही, असे त्यांना आढळले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, जिची चर्चा कमी होते: रोज लावल्यावर त्वचेतील साठा तीन दिवसांत पूर्ण भरला आणि नंतर तो निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागले. म्हणजे एखाद्या सकाळी सिरम लावायचे राहिले तर काही बिघडत नाही. आणि ‘२५ टक्के’, ‘३० टक्के’ अशा आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यामागेही फारसे शास्त्र नाही.

या पीएचची किंमत मात्र चेहऱ्याला मोजावी लागते. लावल्यावर मिनिटभर होणारी चुणचुण मुख्यतः आम्लतेमुळे असते. तिच्यावरून जीवनसत्त्व किती आत गेले हे कळत नाही. मूळ आम्लाच्या सिरममध्ये ती अपेक्षित असते, पण अनुजाताच्या सिरममध्ये ती नसणे हाही दोष नव्हे.

मूळ आम्लाची दुसरी अडचण टिकाऊपणाची आहे. ज्या गुणामुळे ते मुक्त मूलकांना निष्प्रभ करते, त्याच गुणामुळे ते बाटलीतल्या हवेशीही विक्रिया करते. प्रथम त्याचे डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होते, आणि तेही पाण्यात फार काळ तग धरत नाही. पुढे रेणूचे कडेच तुटते आणि परत मूळ रूपात येण्याची वाट बंद होते. या तुकड्यांत एरिथ्रुलोज नावाची एक शर्करा असते, जी त्वचा कृत्रिमरीत्या सावळी दिसावी म्हणून मिळणाऱ्या लोशनांतही वापरतात. जुने सिरम लावल्यावर बोटांच्या टोकांना किंवा कपाळावरच्या केसांच्या कडेला नारिंगी छटा येते, तिचे कारण बहुधा हेच असते; डाग घालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूने असे करावे, हा तिचा खोडकरपणाच म्हणायचा. उष्णता, प्रकाश आणि लोह किंवा तांब्याचे अंश ही विक्रिया वेगाने घडवतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कुरिअरच्या गोदामात आणि गाडीत पडून राहिलेली बाटली घरी येते, तेव्हा तिचे अर्धे आयुष्य वाटेतच संपलेले असू शकते. उन्हाळ्यात असे सिरम मागवू नये, किंवा जवळच्या दुकानातून, उत्पादनाची तारीख पाहून घ्यावे, हा सल्ला म्हणूनच गंभीरपणे घ्यायला हवा.

टिकाऊपणावर काढलेला सर्वांत प्रसिद्ध तोडगाही पिनेल यांच्याच प्रयोगशाळेतून आला. १५ टक्के ॲस्कॉर्बिक आम्ल, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि ०.५ टक्का फेरुलिक आम्ल हे मिश्रण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. फेरुलिक आम्लामुळे द्रावण अधिक टिकले आणि उन्हापासून मिळणारे संरक्षण, ते नसलेल्या मिश्रणाच्या तुलनेत, सुमारे दुप्पट झाले. आज बाजारात ‘सी-ई-फेरुलिक’ अशा नावांनी जे काही मिळते, त्यातील बहुतेकांचा साचा हाच आहे. तरीही हे मिश्रण अमर नव्हे. उघडल्यानंतर साधारण तीन महिन्यांत ते संपवणे हिताचे ठरते.

आता अनुजातांकडे वळू. ॲस्कॉर्बिक आम्लाच्या रेणूत दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल गट सर्वांत आधी ऑक्सिजनच्या तावडीत सापडतात. तिथेच फॉस्फेट, ग्लुकोज किंवा इथिल गट बसवला की कुलूप लावल्यासारखे होते: रेणू बाटलीत शांत राहतो, पण जोवर कुलूप निघत नाही तोवर मूळ कामही करत नाही. ते काढण्याचे काम त्वचेतील विकरे करतात. फॉस्फेट एक विकर तोडते, ग्लुकोज दुसरे. अशा सिरमचा पीएच उदासीनाच्या बराच जवळ ठेवता येतो, त्यामुळे चुणचुण होत नाही आणि बाटली अनेक महिने टिकते. प्रश्न इतकाच उरतो, की किती रेणू आत जातात आणि गेलेल्यांपैकी किती मोकळे होतात.

इथे पुरावा एकमुखी नाही, आणि तो तसा नाही हे विक्रेते सांगत नाहीत. पिनेल यांच्या २००१ मधील त्याच प्रयोगांत मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट लावूनही त्वचेतील क जीवनसत्त्वाची पातळी वाढली नाही. दुसरीकडे, जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये याच संयुगाचे १० टक्के प्रमाण असलेले क्रीम वांग आणि वयोमानानुसार येणारे डाग असलेल्या ३४ रुग्णांना दिले, तेव्हा १९ जणांचे डाग लक्षणीय फिके झाले. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटचे ५ टक्के लोशन मुरुमांवर उपयोगी पडल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे, आणि मूळ आम्लाबाबत अशी ख्याती नाही. माझे मत असे, की अनुजातांना ‘सौम्य पण कमकुवत’ या एकाच खोक्यात कोंबणे अन्यायाचे आहे, कारण त्यांच्यातील आपसांतला फरकही मोठा आहे. मात्र कोलॅजेन आणि उन्हापासूनच्या संरक्षणाबाबत मूळ आम्लामागे जितका पुरावा उभा आहे, तितका त्यांच्यातील कोणाच्याही मागे नाही.

टक्केवारीचा घोळ तर साध्या गणिताने सुटतो. ॲस्कॉर्बिक आम्लाचा रेणुभार सुमारे १७६ आहे. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडचा ३३८ आहे, म्हणजे त्याच्या वजनात मूळ जीवनसत्त्वाचा वाटा जेमतेम ५२ टक्के भरतो. १० टक्के ग्लुकोसाइडच्या सिरममधून प्रत्येक रेणू मोकळा झाला असे धरले, तरी हाती ५.२ टक्केच येतात. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटचा हिशेब जवळपास असाच आहे. इथिल ॲस्कॉर्बिक आम्लाचा रेणुभार २०४ असल्याने तिथे हा वाटा ८६ टक्के आहे. तेलात विरघळणारे टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट मात्र चार लांब मेदाम्लांमुळे इतके जड झालेले असते, की त्याचा रेणुभार ११०० च्या पुढे जातो आणि १० टक्क्यांतून जेमतेम १.६ टक्के जीवनसत्त्व निघते. म्हणून एका बाटलीवरचे १० आणि दुसऱ्या बाटलीवरचे १० हे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

फरक ओळखायचा तो बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांतून. भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार घटकांची यादी देणे बंधनकारक आहे. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने दिलेले चालतात. यादीच्या सुरुवातीला, पाण्यानंतर लगेच, नुसते ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’ किंवा ‘एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड’ असेल तर बाटली पहिल्या गटातील. त्या नावाच्या आधी किंवा मागे ‘इथिल’, ‘ग्लुकोसाइड’, ‘फॉस्फेट’, ‘टेट्राहेक्झिलडेसिल’ यांपैकी काही जोडलेले असेल तर ती दुसऱ्या गटातील. मूळ आम्लाचे नाव यादीच्या अगदी तळाशी, परिरक्षक आणि सुगंधाच्या शेजारी दिसले, तर ते बहुधा क्रीम टिकावे म्हणून टाकलेले असते. आणि यादीत केवळ संत्र्याचा किंवा आवळ्याचा अर्क असून दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘व्हिटॅमिन सी’ असेल, तर ती बाटली या दोन्ही गटांत बसत नाही.

अर्काचा विषय निघालाच आहे तर लिंबाचेही सांगायला हवे, कारण बेसनात लिंबू पिळून चेहऱ्याला लावण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात क जीवनसत्त्व ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे फार तर ०.०५ टक्का असते. १० टक्क्यांच्या सिरममध्ये ते याच्या किमान दोनशे पट असते. शिवाय कागदी लिंबात फ्युरॅनोकुमारिन नावाची संयुगे असतात, जी त्वचेवर असताना ऊन लागले तर फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळे चट्टे राहतात.

वापरून पाहण्याची पद्धतही गटानुसार बदलावी लागते. नवे सिरम आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, इतके दोन्हींना समान. मूळ आम्लाचे सिरम १० टक्क्यांपासून, एक दिवसाआड, सकाळी कोरड्या चेहऱ्यावर सुरू करावे. चुणचुण एक-दोन मिनिटांत ओसरली तर ठीक. लाली, आग किंवा खाज तासभर टिकली तर ते सिरम सोडावे. आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेबाबत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण अशा त्वचेवर जळजळ शमल्यानंतर तिच्या जागी काळा डाग राहण्याची शक्यता जास्त असते. डाग घालवण्याच्या हौसेने सोसलेली आग नवे डाग देऊन जाते. बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरुमांसाठी चालू असेल तर ते रात्रीसाठी ठेवावे, कारण ते मूळ आम्लाचे सरळ ऑक्सिडीकरण करते. नियासिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) आणि क जीवनसत्त्व एकत्र लावू नये हा समज मात्र प्रयोगशाळेतील अशा परिस्थितीवरून आला, जी चेहऱ्यावर कधीच नसते, आणि तो सोडून द्यायला हरकत नाही. रंगावरून सिरम टाकून देण्याचा नियमही फक्त पहिल्या गटाला लागू होतो: पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर असलेले द्रावण गडद नारिंगी किंवा तपकिरी झाले, तर ते संपले. दुसऱ्या गटातील सिरमचा रंग अनेकदा त्यात घातलेल्या अर्कांचा असतो.

निवड करताना मी वय आणि तक्रार पाहून ठरवण्याच्या बाजूने आहे. चाळिशीच्या पुढे, उन्हाने रापलेली पण चिवट त्वचा असेल आणि बाटली तीन महिन्यांत संपवण्याची शिस्त असेल, तर मूळ आम्ल घ्यावे. तेलकट, मुरुमांची त्वचा असेल आणि मुंबई-रत्नागिरीसारख्या दमट हवेत राहणे असेल, तर सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा इथिल ॲस्कॉर्बिक आम्ल अधिक सोसवते. वांग असणाऱ्यांनी कोणत्याही गटाकडून तीन महिन्यांच्या आत निकालाची अपेक्षा धरू नये, आणि सिरमच्या आधी सनस्क्रीनवर खर्च करावा. तेही शक्यतो लोहाचे ऑक्साइड असलेले, रंगीत, कारण वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि तो प्रकाश साधे सनस्क्रीन फारसा अडवत नाही.