संभाषित-विश्लेषण, फ्रेंच : रेजीन रोबँ यांचे संशोधन

एखाद्या काळात काय बोलता येते, ते कोणत्या शब्दांत बोलावे लागते आणि कोणाच्या तोंडी शोभते, याचा भाषेच्या अंगाने घेतलेला शोध म्हणजे संभाषित-विश्लेषण. ‘दिस्कूर’ या फ्रेंच संज्ञेला मराठीत एकच प्रतिशब्द रुळलेला नाही. कोणी ‘संभाषित’ म्हणतो, कोणी ‘चर्चाविश्व’. ‘संभाषित’ म्हटले की गप्पा डोळ्यांपुढे येतात, पण फ्रेंच अभ्यासकांचा भर आरंभी लिखित मजकुरावर, त्यातही राजकीय मजकुरावर होता.

या परंपरेचा प्रारंभ १९६९ मध्ये धरतात. त्या वर्षी ‘लांगाज’ या नियतकालिकाने या विषयाला वाहिलेला अंक काढला आणि मिशेल पेशो यांचा संभाषिताच्या स्वयंचलित विश्लेषणावरील ग्रंथ आला. पद्धत झेलिग हॅरिस या अमेरिकी भाषावैज्ञानिकाकडून घेतली होती. काही कळीचे शब्द निवडायचे, ते ज्या वाक्यांत येतात ती सगळी वाक्ये वेचायची आणि त्या शब्दांच्या मागेपुढे काय काय बसते याचे तक्ते मांडायचे. काम किचकट, तक्त्यांच्या मानाने हाती येणारा निष्कर्ष पुष्कळदा तोकडा.

रेजीन रोबँ (१९३९–२०२१) या वाटेवर आल्या त्या इतिहासकार म्हणून. त्यांचा जन्म पॅरिसचा, आईवडील पोलंडहून आलेले ज्यू, घरची भाषा यिडिश. बर्गंडीतील सम्यूर-आँ-ओक्स्वा हे गाव व त्याचा परिसर घेऊन त्यांनी १७८९ च्या, म्हणजे राज्यक्रांतीच्या वर्षीच्या, फ्रेंच समाजाचा अभ्यास केला. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील महत्त्वाचे साधन म्हणजे गाऱ्हाण्यांच्या वह्या. व्हर्सायला तिन्ही वर्गांची प्रतिनिधिसभा (एस्टेट्स जनरल) भरण्यापूर्वी गावोगावच्या सभांनी आपली गाऱ्हाणी लिहून दिली होती. मिठावरचा कर, जमीनदाराचे हक्क, चर्चला द्यावा लागणारा दशमांश अशा तक्रारींनी या वह्या भरल्या आहेत.

आता, ही वही लिहिली कोणी? सभेला शेतकरी जमत, पण लेखणी बहुधा वकिलाच्या, नोटरीच्या किंवा पाद्र्याच्या हाती असे. वह्यांचे तयार नमुनेही फिरत होते. त्यामुळे दूरदूरच्या गावांत तीच वाक्ये, त्याच वळणाने आढळतात. अशा वहीतले ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हे नुसते वाचून ठरत नाही. गावाची वही आणि शहरी मध्यमवर्गाची वही शेजारी ठेवून कोणता शब्द कोणाकडे कशाला जोडून येतो, हे पाहावे लागते. ‘इतिहास आणि भाषाविज्ञान’ (१९७३) या पुस्तकात रोबँ यांनी इतिहासकारांना हेच बजावले : दस्तऐवज ही पलीकडचे दाखवणारी स्वच्छ काच नव्हे, त्याची शब्दरचना हीच तपासायची गोष्ट आहे. अर्काइव्हमधून अवतरणे उचलून आपल्या प्रतिपादनाला ठिगळासारखी लावण्याची सवय इतिहासलेखनातून आजही गेलेली नाही, म्हणून हे पुस्तक जुने झाले असे म्हणवत नाही.

पुढे रोबँ कॅनडात, माँत्रेआलला गेल्या आणि तेथील विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागल्या. तक्ते मागे पडले. १९८६ च्या ग्रंथात त्यांनी समाजवादी वास्तववाद, म्हणजे सोव्हिएत राजवटीने लेखकांना घालून दिलेली अधिकृत साहित्यरीत, हाताळला. १९३४ च्या मॉस्कोतील लेखक-अधिवेशनाची भाषणे वाचताना त्यांना दिसलेला पेच असा : लेखकाने वास्तव दाखवायचे आणि त्याच दमात ते कसे असायला हवे तेही दाखवायचे. नायक आधीच परिपूर्ण, मग कादंबरीत घडायचे काय? म्हणून त्यांनी याला ‘अशक्य सौंदर्यशास्त्र’ म्हटले. या ग्रंथाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

रोबँ स्वतः कादंबरीकारही होत्या. ‘ला केबेक्वात’ (१९८३) या कादंबरीचे शीर्षक म्हणजे एका अक्षराचा खेळ आहे. ‘केबेक्वाझ’ म्हणजे क्वेबेकची, माँत्रेआल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे तेथली, स्त्री. त्यातला ‘झ’ काढून ‘त’ घातला की शेवटी ‘क्वात’, म्हणजे ‘गप्प राहिलेली’, ऐकू येते. स्थलांतरित ज्यू स्त्रीचे आयुष्य येथे माँत्रेआलच्या तीन वस्त्यांत तीनदा नव्याने मांडून पाहिले आहे, आणि तिन्ही वेळा ते मोडते. मजकुरात मधूनच दुकानांच्या पाट्या आणि नावांच्या याद्या घुसतात. गाऱ्हाण्यांच्या वह्यांत शोधलेले ते ‘आम्ही’ या कादंबरीतल्या बाईला शेवटपर्यंत उच्चारता येत नाही.