पोरींना थ्रीडी जमत नाही म्हणे!

"पापा की परी" टाईपची अजून एक रील परवा ग्रुपवर आली. घोडबंदर रोडवर एक मुलगी स्कूटी वळवताना दोन्ही पाय टेकवते, मागून हॉर्न, खाली हसण्याच्या इमोजी, म्हणजे नेहमीचंच. पण इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने त्याखाली लिहिलं होतं की ह्यात फेमिनिझम आणू नका, बायकांचा मेंदू जागेच्या अंदाजात कच्चाच असतो, सायन्सने प्रूव्ह केलंय. आणि त्याला दोन मुलींनीच "खरंय यार" म्हणून लाईक दिलेलं. मला राग आला तो ह्याचा.

सायन्सने नक्की काय प्रूव्ह केलंय ते नीट सांगायला हवं, कारण ह्या दाव्यात थोडं तथ्य आहे आणि तेवढ्याशा तथ्यावर बरंच काही रचलं गेलंय. मी नवी मुंबईत इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला ड्रॉईंग शिकवते, त्यामुळे माझा हा रोजचा विषय. टॉप व्ह्यू आणि फ्रंट व्ह्यू (वस्तू वरून आणि समोरून कशी दिसते ती सपाट चित्रं) दिलाय, त्यावरून आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही बाजू एकत्र दिसणारं चित्र, काढा म्हटलं की वर्गात काही जणांचे हात थांबतात, आणि मुलगी असेल तर शेजारणीला हळूच म्हणते की आपल्या मुलींचं असंच असतं.

ह्याला लागणारी क्षमता म्हणजे वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर ह्या दोघांनी ह्यावर एक प्रयोग केला, माझ्या मते मानसशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक. घन ठोकळे एकाला एक जोडून काटकोनात वळलेल्या आकृत्या केल्या, त्यांची दोन-दोन चित्रं शेजारी ठेवली आणि विचारलं, ही एकच वस्तू फिरवलेली आहे की आरशातली उलटी आहे? फक्त आठ माणसं, पण प्रत्येकाला १६०० जोड्या दाखवल्या आणि उत्तराला किती वेळ लागतो ते मोजलं. दोन चित्रांमधला कोन जितका जास्त तितका वेळ जास्त, आणि तोही सरळ रेषेत! कोन शून्य असेल तर साधारण एक सेकंद, १८० अंश असेल तर चार ते सहा सेकंद. हिशोब केला तर मनातली वस्तू सेकंदाला अंदाजे ६० अंश ह्या वेगाने फिरत होती. गंमत म्हणजे चित्र कागदाच्या पातळीतच फिरवलेलं असो किंवा कागदाच्या आत, खोलीच्या दिशेने वळवलेलं असो, वेग जवळजवळ तोच. आता कागदावर तर सपाट रेघाच आहेत, खोली आपण मनाने धरलेली असते, म्हणजे डोक्यात नुसतं चित्र फिरत नाही, वस्तू फिरते, आणि ९० अंशाला पोचायला तिला मधल्या अंशांमधून जावं लागतं, उडी मारून जाता येत नाही.

पुढे १९७८ मध्ये व्हँडेनबर्ग आणि कूस ह्यांनी ह्याच आकृत्यांची कागदी टेस्ट बनवली आणि तिच्यात पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा सातत्याने जास्त येते. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण सरासरीतला फरक म्हणजे काय ते बघा. फरक ०.६ प्रमाण विचलनाएवढा धरला (प्रमाण विचलन म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप; अशा टेस्टमध्ये साधारण एवढा मिळतो, कधी जास्तही) आणि कुठलाही एक मुलगा आणि कुठलीही एक मुलगी उचलली, तर साधारण तीनातल्या एका जोडीत मुलगी पुढे असते. कारण मुलगे आणि मुली दोघांच्या मार्कांचे घंटाकृती आलेख एकमेकांवर बरेचसे चढलेले असतात, शिखरं तेवढी थोडी सरकलेली. म्हणजे समोरची मुलगी आहे एवढ्यावरून तिच्या ड्रॉईंगबद्दल छातीठोकपणे काहीही सांगता येत नाही. दुसरं म्हणजे घड्याळ. टेस्टला वेळेचं बंधन कडक असेल तर फरक मोठा दिसतो, बंधन काढलं की कमी होतो. इटलीत मोए आणि पाझ्झालिया ह्यांनी २००६ मध्ये दाखवलं की ह्यात बायका सरस असतात असं आधी सांगितलं तर बायकांचे मार्क वाढतात. अशा "समजुतीच्या" प्रयोगांपैकी गणितातले बरेच नंतर पुन्हा करताना डळमळले, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही.

माझी भिस्त आहे ती सरावावर. आपल्याच देशातला एक अभ्यास आहे, २०११ चा. मेघालयात खासी समाजात मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, आणि तिथून जवळच राहणाऱ्या कार्बी समाजात मुलग्यांकडे. संशोधकांनी दोन्हीकडच्या गावांतल्या मिळून जवळजवळ १३०० लोकांना एक चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं. कार्बींमध्ये पुरुष बायकांपेक्षा बरेच वेगवान निघाले, खासींमध्ये तो फरक उरलाच नाही. ह्या बदलाचा साधारण एक तृतीयांश भाग शिक्षणातल्या फरकाने समजावता येतो. दोनच समाज आणि एकच कोडं, त्यामुळे ह्यावरून जगाचा नियम काढू नये, पण "निसर्गानेच असं केलंय" म्हणणाऱ्याने आधी ह्याचं उत्तर द्यावं.

इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा डावा मेंदू की उजवा मेंदू सांगणारी, मग कॉमर्स की सायन्स ते ठरवून देणारी डीएमआयटी नावाची टेस्ट लोक पैसे मोजून करतात. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पत्रिका बघून करिअर ठरवण्यात आणि ह्यात मला काही फरक दिसत नाही, आणि त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून आईबाप मुलीला आर्किटेक्चरपासून परावृत्त करतात तेव्हा तर फार वाईट वाटतं.

सरावाने किती फरक पडतो? टोरोंटोत २००७ मध्ये फेंग, स्पेन्स आणि प्रॅट ह्यांनी काही जणांना फक्त दहा तास ॲक्शन व्हिडिओ गेम खेळायला दिला. बायकांची प्रगती पुरुषांपेक्षा जास्त झाली, दरी कमी झाली आणि काही महिन्यांनी तपासलं तरी परिणाम टिकून होता. प्रयोग लहान होता. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा चित्र जरा वेगळं दिसलं: सरावाने सगळेच सुधारतात, सुधारणा टिकते, पण मुलगे आणि मुली साधारण सारखेच सुधारतात, म्हणजे दरी आपोआप बुजतेच असं नाही. मला त्याने निराश व्हायला होत नाही. ड्रॉईंगच्या पेपरला कोणाला हरवायचं नसतं, एका पातळीच्या वर यायचं असतं, आणि तिथे दोघंही पोचतात. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी ह्या प्राध्यापिकेने नव्वदच्या दशकात हेच केलं, सुरुवातीच्या टेस्टमध्ये मागे पडलेल्यांसाठी छोटा कोर्स सुरू केला, आणि तो केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये जास्त प्रमाणात टिकल्या.

मुलग्याला मेकॅनो, मुलीला भातुकली, मग मुलगा सायकल घेऊन उपवनपर्यंत भटकतो आणि मुलीला बिल्डिंगच्या गेटच्या आत खेळ म्हणतात. वस्तू फिरवून बघायचा सराव असा वर्षानुवर्षं एकाच बाजूला साठतो. आणि जो सराव मुलींकडे असतो तो मोजतच नाहीत. कटोरी ब्लाउज बेतणारी बाई सपाट कापडावर खडूने रेघा मारते तेव्हा तिच्या डोक्यात गोलाई असलेलं अंग फिरत असतं, हे शुद्ध थ्रीडी आहे, पण त्याला शिवणकाम म्हणायचं! उलटा काचही आहेच, ठोकळ्यांशी कधी न खेळलेला मुलगा वर्गात अडतो तेव्हा "मुलगा असून जमत नाही?" हे ऐकून तो प्रश्न विचारायचाच बंद होतो आणि केटी लागते, म्हणजे विषय राहतो आणि पेपर पुन्हा द्यावा लागतो.

मी जुलैमध्ये वर्गात लाकडी ठोकळे घेऊन जाते. हातात धरा, फिरवा, तिन्ही बाजूंनी बघून काढा, मग ठोकळा पिशवीत टाका आणि न बघता चौथ्या बाजूने काढा. सुरुवातीचे आठवडे घड्याळ लावत नाही. घरी करायचं असेल तर आयसोमेट्रिक ठिपक्यांचा कागद नेटवर फुकट मिळतो, प्रिंट काढा, आगपेट्या चिकटवून आकार बनवा आणि सातवी-आठवीतल्या पोरापोरींना एकत्र बसवा, दहावीच्या सुट्टीची वाट बघू नका.