संतांच्या सणांच्या तारखा आल्या कुठून?

संताचा सण म्हणजे त्याची जयंती असणार, असं आपण धरून चालतो. कॅथलिक दिनदर्शिकेतल्या बहुतेक तारखा मात्र पुण्यतिथीच्या आहेत. संताच्या मृत्यूच्या दिवसाला लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’ म्हणतात आणि या शब्दांचा सरळ अर्थ आहे जन्मदिवस. इथला शेवटचा दिवस तो तिथला पहिला, ही श्रद्धा त्या नावातच आहे. पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो तो तिघांचाच: २५ डिसेंबरला येशूचा, ८ सप्टेंबरला मारियेचा आणि २४ जूनला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. योहानाचा शिरच्छेद २९ ऑगस्टला वेगळा पाळतात. देवदूत मारियेकडे आला तेव्हा योहानाच्या आईला सहावा महिना होता, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या हिशेबाने योहानाचा जन्म नाताळच्या सहा महिने आधी येतो.

वार्षिक स्मरणाचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा एका पत्रात सापडतो. स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर, इथले वृद्ध बिशप पॉलीकार्प यांना इ.स. १५५ च्या सुमारास ठार मारण्यात आलं. ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो, असं रोमन अधिकाऱ्याने सुचवलं, तेव्हा ते म्हणाले की शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलेलं नाही. स्मिर्नाच्या मंडळीने ही सगळी हकीकत लिहून दुसऱ्या मंडळीला कळवली. रत्नांहून मोलाच्या त्यांच्या अस्थी आम्ही गोळा करून योग्य जागी ठेवल्या आहेत, आणि दर वर्षी तिथे जमून त्यांच्या हौतात्म्याचा जन्मदिवस पाळणार आहोत, असं त्यांनी लिहिलं आहे. संतांच्या सणांची पुढची सगळी परंपरा या मजकुरात बीजरूपाने आहे: एक थडगं, एक तारीख आणि तिथे जमणारी माणसं. संत ठरवणारं कोणतंही कार्यालय तेव्हा नव्हतं. शेजाऱ्यांना आठवण होती, एवढंच पुरेसं होतं.

पण आठवणीला तारीख लागते, आणि छळाच्या दिवसांत ती सहज हरवते. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन अज्ञातवासात होते. तिथून त्यांनी आपल्या धर्मगुरूंना पत्र पाठवलं: तुरुंगात जे मरतील त्यांचे मृत्यूचे दिवस टिपून ठेवा, म्हणजे हुतात्म्यांच्या स्मरणात त्यांचंही स्मरण करता येईल. हे पत्र मला फार हलवून जातं. स्वतः लपलेला माणूस, आपले लोक कोठडीत मरताहेत, आणि त्याला काळजी आहे ती त्यांच्या तारखा हरवू नयेत याची. आठ वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, सिप्रियन यांचाही शिरच्छेद झाला. त्यांची तारीख लोकांनी टिपली.

अशा टिपणांची रोमची यादी ३५४ सालच्या एका सचित्र पंचांगात उतरवलेली मिळते. ते सुलेखनकार फिलोकालस याच्या हातचं. नोंदी अगदी कोरड्या आहेत: तारीख, नाव आणि शहराबाहेरच्या कोणत्या रस्त्यावर किंवा कोणत्या दफनभूमीत जायचं ते. म्हणजे ही सणांची यादी जितकी, तितकाच थडग्यांचा रस्ता दाखवणारा कागद. २० जानेवारीला सेबास्तियन, दुसऱ्या दिवशी आग्नेस, १० ऑगस्टला लॉरेन्स, २९ जूनला पेत्र आणि पौल. या तारखा आजही त्याच आहेत. सिप्रियन यांचं नावही त्यात आहे. ते आफ्रिकेचे असले तरी रोममध्ये कॅलिस्टसच्या दफनभूमीत त्यांचं स्मरण होतं, असा उल्लेख आहे. परगावच्या थडग्याची तारीख रोमने आपलीशी केल्याचा हा दाखला. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस असल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंदही याच यादीत, अगदी सुरुवातीला आहे.

थडग्यापाशी लोक नेमकं काय करत, हे संत ऑगस्टीन यांच्या आत्मकथनातून कळतं. त्यांची आई मोनिका आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जात असे. मिलानमध्ये दारवानाने तिला अडवलं, कारण बिशप अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. तिने मुकाट्याने ऐकलं आणि पुढे भरलेल्या टोपलीऐवजी प्रार्थना घेऊन जाऊ लागली. मृतांसाठी जेवण नेण्याची जुनी रीत ख्रिस्ती उपासनेत कशी मुरली आणि कशी वळवली गेली, ते या प्रसंगात दिसतं.

छळ थांबला तसा प्रश्न आला की हुतात्मा नसलेल्याला संत म्हणायचं का. तूरचे बिशप मार्टिन, ज्यांनी सैनिक असताना आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला असं सांगतात, ते ३९७ मध्ये वार्धक्याने वारले. लोकांनी त्यांना संत मानलंच. ते वारले ८ नोव्हेंबरला, पुरले गेले ११ नोव्हेंबरला, आणि सण राहिला दफनाच्या दिवशी. इथेही थडग्यानेच तारीख ठरवली.

नावं वाढत गेली. सगळ्या हुतात्म्यांचा मिळून एक दिवस असावा ही कल्पना जुनीच होती. सातव्या शतकाच्या आरंभी रोमचं पँथेऑन हे मंदिर १३ मे रोजी मारिया आणि सर्व हुतात्म्यांच्या नावे चर्च झालं. नवव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला स्थिरावला. क्लूनी मठाचे ओदिलो यांनी दुसरा दिवस सर्व मृतांसाठी ठेवला.

संत जाहीर करण्याचा अधिकार मात्र हळूहळू रोमकडे गेला. पोपने औपचारिकपणे संत घोषित केल्याचं पहिलं ज्ञात उदाहरण ९९३ मधलं, आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांचं. १२३४ मध्ये नववे ग्रेगरी यांच्या कायदासंग्रहाने हा अधिकार पोपपुरताच ठेवला. याच पोपने पादुआचे अंतोन यांना मृत्यूनंतर वर्षही उलटायच्या आत संत केलं होतं. उलट १४३१ मध्ये जाळल्या गेलेल्या जोन ऑफ आर्कला १९२० पर्यंत थांबावं लागलं. चौकशीत उणिवा शोधणारा ‘सैतानाचा वकील’, ‘धन्य’ आणि मग ‘संत’ अशा पायऱ्या, चमत्कारांची तपासणी ही सारी यंत्रणा पुढच्या शतकांत उभी राहिली. दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ मध्ये ती सुटसुटीत केली आणि स्वतः ४८२ जणांना संत घोषित केलं.

वर्षाचे दिवस मात्र ३६५च, म्हणून तारखांची टक्कर अटळ होती. पेर्पेतुआ आणि फेलिसिटी या दोन तरुण स्त्रिया, एक नुकती आई झालेली आणि दुसरी तुरुंगातच बाळंत झालेली, २०३ साली ७ मार्चला कार्थेजच्या रिंगणात मारल्या गेल्या. हजारभर वर्षांनी त्याच तारखेला थॉमस अक्वायनस वारले. थोर पंडितापुढे त्या मागे पडल्या आणि १९०८ मध्ये त्यांना ६ मार्चला सरकवण्यात आलं. नागासाकीचे सव्वीस हुतात्मे, पॉल मिकी, गोन्सालो गार्सिया आणि त्यांचे सोबती, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेले. तो दिवस आधीपासूनच संत आगाथेचा, म्हणून त्यांचं स्मरण ६ तारखेला होतं. सिप्रियन यांच्या १४ सप्टेंबरला पवित्र क्रुसाचा सण आला आणि ते १६ तारखेला गेले. आविलाच्या तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री वारल्या. त्याच रात्री पोप तेरावे ग्रेगरी यांची नवी कालगणना लागू झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडली १५ ऑक्टोबर. तोच त्यांचा सण.

गर्दी कमी करण्याचा मोठा प्रयत्न पाचवे पायस यांनी १५६८ मध्ये केला. तरी पुढच्या चार शतकांत दिनदर्शिका पुन्हा भरली. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं की ख्रिस्ताच्या जीवनातली रहस्यं, म्हणजे त्याच्या तारणकार्याचे प्रसंग, संतांच्या सणांखाली झाकली जाऊ नयेत, आणि जगभर पाळायचे ते मोजकेच संत असावेत. त्यानुसार सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये नवी सार्वत्रिक दिनदर्शिका मंजूर केली. ईस्टरआधीच्या उपवासकाळातले बरेच संत हलले: थॉमस अक्वायनस २८ जानेवारीला गेले, त्यामुळे पेर्पेतुआ आणि फेलिसिटी आपल्या ७ मार्चला परतल्या. पॉलीकार्प यांचा सण २६ जानेवारीवरून २३ फेब्रुवारीला आला. स्मिर्नाच्या पत्रात तीच तारीख आहे. मोनिकाचा दिवस ४ मेवरून २७ ऑगस्टला आणला, ऑगस्टीन यांच्या २८ ऑगस्टच्या अगदी शेजारी. मुलासाठी वर्षानुवर्षं रडलेल्या आईला त्याच्या आदल्या दिवशी बसवणारा हा बदल मला संपूर्ण सुधारणेतला सर्वांत हळुवार वाटतो.

याच वेळी क्रिस्तोफर, बार्बरा, व्हॅलेंटाईन यांची नावं सार्वत्रिक यादीतून गेली आणि त्यांचं संतपद काढून घेतलं असा बोलबाला झाला. तसं झालेलं नाही. दिनदर्शिका वेगळी आणि संतांची सविस्तर नामावली असलेला रोमन हुतात्मेग्रंथ वेगळा. त्या ग्रंथात २५ जुलैला क्रिस्तोफर आजही आहेत आणि जिथे त्यांची भक्ती आहे तिथे सण होतो. अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचं नाव तर २००२ मध्ये ऐच्छिक स्मृतिदिन, म्हणजे पाळणं बंधनकारक नसलेला दिवस, म्हणून परतलं.

नवी नावं येतच असतात. मदर तेरेसा यांचा ऐच्छिक स्मृतिदिन सार्वत्रिक दिनदर्शिकेत घेतल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. तारीख ५ सप्टेंबर, १९९७ मध्ये त्या गेल्या तो दिवस.