नावातलं अवतरणचिन्ह पुसू नका

आडनाव ओ'ब्रायन. ऑनलाइन फॉर्म भरला की उत्तर येतं, ‘नावात चुकीचं चिन्ह आहे’. माणसाचं नाव चुकीचं कसं असेल? कमतरता फॉर्ममागच्या प्रोग्राममध्ये असते आणि ती भरून काढता येते.

फॉर्ममधली माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीत, साठवली जाते. बहुतेक डेटाबेसना एसक्यूएल भाषेत आज्ञा दिल्या जातात. या भाषेत मजकूर एकेरी अवतरणचिन्हांमध्ये लिहितात. त्यामुळे 'ओ'ब्रायन' असं लिहिलं की डेटाबेसच्या लेखी नाव ‘ओ’वरच संपतं. पुढचं ‘ब्रायन’ त्याला आज्ञेचा भाग वाटतं, अर्थ लागत नाही आणि नोंद अडते.

अडली तर निदान कळतं तरी. धोका असतो तो उरलेल्या भागाचा अर्थ लागला तर! नावाच्या रकान्यात कुणी मुद्दाम अवतरणचिन्ह टाकून पुढे ‘किंवा १ = १’ अशा अर्थाची अट लिहिली, तर ती प्रत्येक नोंदीला लागू पडते आणि सगळी यादी उघडी होऊ शकते. हेच एसक्यूएल इंजेक्शन. २०१५मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती याच मार्गाने चोरीला गेली. पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला.

चिन्ह दोनदा लिहिणं हा जुना उपाय: 'ओ''ब्रायन'. डेटाबेस त्यातलं एकच साठवतो. पण हे दर वेळी आठवणीने करावं लागतं. वेबसाइट बनवायच्या पीएचपी भाषेत, फॉर्ममधून आलेल्या मजकुरातल्या चिन्हांआधी आपोआप तिरपी रेघ घालायची सोय होती. तीच रेघ मग कित्येक ठिकाणी ओ\'ब्रायन अशी नावातच साठून राहिली. २०१२च्या ५.४ आवृत्तीत ही सोय काढून टाकली, ते उत्तम झालं.

खात्रीचा मार्ग म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवणं. आज्ञेत नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह ठेवायचं. डेटाबेस आधी आज्ञा समजून घेतो, नाव नंतर येतं. तेव्हा त्यात कितीही अवतरणचिन्हं असोत, त्याला तो निव्वळ मजकूरच मानतो. प्रोग्राम लिहायच्या जवळपास प्रत्येक भाषेत ही सोय आहे, त्यामुळे चिन्ह गाळून टाकणाऱ्या फॉर्मला आता सबब उरलेली नाही.

एक गुंता मात्र याने सुटत नाही. काही कीबोर्ड सरळ (') चिन्हाऐवजी वळणदार (’) चिन्ह उमटवतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही दोन वेगळी अक्षरं आहेत, म्हणून एक चिन्ह वापरून साठवलेलं नाव दुसरं चिन्ह वापरून शोधलं तर सापडेलच असं नाही. अशा वेळी मूळ नोंदीला हात लावू नये. शोधासाठी एकसारख्या चिन्हांची वेगळी प्रत ठेवावी आणि पडद्यावर मात्र माणसाने लिहिलं तसंच नाव दाखवावं.