हास्यवायूचा हिशेब: ब्रिटनचा आणि जर्मनीचा

कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचे ब्रिटन आणि जर्मनीचे आलेख शेजारी ठेवून पाहा. दोन्हींची ठेवण एकच: १९९० मध्ये रेघ उंच, त्या दशकाच्या उत्तरार्धात मोठी घसरण, आणि आता ती तळाशी टेकलेली. हवामान परिषदांमध्ये दोन्ही देशांनी ही घसरण अभिमानाने मिरवली आहे. पण ती घडली कशी, हे पाहिलं की साम्य बऱ्यापैकी विरतं.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे दंतवैद्याकडचा हास्यवायू. हवेत गेल्यावर मात्र त्यात हसण्यासारखं काही नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो, आणि एकदा वर गेला की शतकभर तिथेच राहतो. माणसामुळे हवेत जाणारा बहुतेक नायट्रस ऑक्साइड शेतातून येतो, म्हणजे खत आणि शेणमूत्रातल्या नायट्रोजनमधून. शेताला झाकण घालता येत नाही. कारखान्याचा वाटा लहान, पण तो एका चिमणीतून येतो, आणि चिमणीवर इलाज करता येतो.

यातला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे अ‍ॅडिपिक आम्ल. नायलॉन-६६ बनवायला ते लागतं. सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोन यांच्या मिश्रणावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की अ‍ॅडिपिक आम्ल तयार होतं, आणि दर टनामागे साधारण ३०० किलो नायट्रस ऑक्साइड फुकटात पदरी पडतो. म्हणजे एक टन आम्ल बनवताना ८० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका बोजा हवेवर पडतो. वर्षाला दोन लाख टन आम्ल काढणारा एखादा कारखाना धरला, तर त्याच्या एकट्याच्या चिमणीतून दीड कोटी टनांहून जास्त. मोटारींची गर्दी डोळ्यांना दिसते. हा रंगहीन वायू कित्येक वर्षं कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्क थिमेन्स आणि विल्यम ट्रॉगलर या शास्त्रज्ञांनी नायलॉन उद्योगाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे कंपन्या जाग्या झाल्या.

जाग्या झाल्या त्या मात्र लवकर, हे मान्य करायला हवं. जर्मनीत बायरच्या क्रेफेल्ड-उर्डिंगेन इथल्या कारखान्यात १९९०च्या दशकाच्या मध्यावर हा वायू जाळून मोडण्याची सोय झाली. बीएएसएफने लुडविग्सहाफेनला १९९७च्या अखेरीस उत्प्रेरक वापरून तेच साधलं. उरतो फक्त नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे आपण श्वासात घेतो तीच हवा. ब्रिटनमध्ये टीसाइडच्या विल्टन इथे ड्यूपाँटचा कारखाना होता, मूळचा आयसीआयचा. तिथेही १९९८ मध्ये वायू नष्ट करणारी भट्टी बसली.

इथपर्यंत गोष्ट एकसारखी. अडचणीही एकसारख्या: भट्टी दुरुस्तीला काढली आणि उत्पादन चालूच ठेवलं, की वायू थेट बाहेर. त्यामुळे एखाद्या वर्षीचा आकडा उसळतो, आणि धंदा वाढला की काय असा बघणाऱ्याचा समज होतो. उर्डिंगेनचा कारखाना पुढे लँक्सेसकडे गेला. तिथे २००९ मध्ये दुसरी यंत्रणा उभी राहिली, पहिली थांबली तरी वायू सुटू नये म्हणून.

त्याच २००९ मध्ये विल्टनचा कारखाना कायमचा बंद झाला. तोवर तो इनव्हिस्टाच्या ताब्यात होता. ब्रिटनचा अ‍ॅडिपिक आम्लाचा रकाना त्यानंतर शून्य आहे, पण हे शून्य कुठल्या भट्टीने कमावलेलं नाही. ब्रिटनला लागणारा नायलॉन आता दुसऱ्या देशाच्या चिमणीखाली बनतो, आणि राष्ट्रीय हिशेबात तो धरायचा नाही असाच नियम आहे. माझ्या मते या तुलनेत जर्मनीला जास्त गुण द्यायला हवेत. २०१३ पासून युरोपीय कार्बन बाजारात, म्हणजे कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने लागतात त्या व्यवस्थेत, या वायूलाही किंमत लागू झाली. ती मोजायला जर्मन कारखाने होते, विल्टन नव्हतं.

नायट्रिक आम्लाची गोष्ट कमी नाट्यमय. खतासाठी अमोनिया प्लॅटिनमच्या जाळीवर जाळतात, तेव्हा टनामागे पाच ते नऊ किलो वायू निघतो. जाळीखाली उत्प्रेरकाचा थर दिला की त्यातला बराचसा मोडतो. आपल्या ट्रॉम्बे-तळोजा भागातही नायट्रिक आम्ल बनतं, रसायनशास्त्र तेच.

असे तक्ते वाचताना एक खबरदारी घ्यावी. कार्बन डायऑक्साइडशी तुलना करणारा गुणक वेळोवेळी बदलला आहे: आधी ३१०, मग २९८, मग २६५, आणि वर वापरलेला २७३ हा त्यानंतरचा. जुन्या अहवालातला एक देश आणि नव्या अहवालातला दुसरा देश समोरासमोर ठेवला, तर गुणकातला फरकच कामगिरी म्हणून दिसेल. त्यापेक्षा नायट्रस ऑक्साइडचे टन ताडून पाहावेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये बीएएसएफने लुडविग्सहाफेनचं अ‍ॅडिपिक आम्लाचं उत्पादन २०२५ मध्ये थांबवत असल्याचं जाहीर केलं. कंपनीचा एक कारखाना दक्षिण कोरियात ओन्सानला आहे. तिथे बनलेल्या आम्लाचा नायट्रस ऑक्साइड कोरियाच्या रकान्यात जातो.